शाळेची सुरक्षितता आणि दलित आत्मकथनांची साक्ष

१

'शालेय सुरक्षितता' हा शब्द अलीकडे सरकारी कागदांवर फार वावरू लागला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. आणि दुसऱ्याच दिवशी शासननिर्णय निघाला. शाळाशाळांतून सीसीटीव्ही कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी, तक्रारपेटी, सखी-सावित्री समिती अशी त्याची कलमे आहेत. सखी-सावित्री समितीचा आदेश मार्च २०२२ मध्येच निघालेला होता. अडीच वर्षांनी त्याचीच पुन्हा आठवण द्यावी लागते, यात जे समजायचे ते समजते. या उपायांना कोणताही शहाणा माणूस विरोध करणार नाही. लहान मुलीच्या देहावर हात टाकणाऱ्याला शाळेच्या फाटकाच्या आत जागा असता कामा नये, यात वाद नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. या सगळ्या कलमांमागे धोक्याची एक ठरावीक कल्पना आहे. धोका म्हणजे एक विकृत माणूस. तो शोधून काढला, कॅमेऱ्यात पकडला, बाहेर घालवला की शाळा सुरक्षित झाली. दलित मुलाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या जो धोका आला तो या जातीचा नव्हता. तो बसण्याच्या जागेत होता, पाण्याच्या माठात होता, हजेरीपटावरच्या नावात होता. तो निर्माण करणारा माणूस विकृत नव्हता. गावाच्या दृष्टीने तो सज्जन आणि कर्तव्यदक्ष गुरुजी होता. कॅमेऱ्याने त्याला पकडावे तरी कसे? कॅमेऱ्याला तिथे काही घडलेलेच दिसत नाही. मुले रांगेत बसली आहेत, गुरुजी शिकवीत आहेत, एक मूल जरा बाजूला बसले आहे, एवढेच.

हे बाजूला बसलेले मूल पुढे लिहू लागले, आणि त्याने जे लिहिले त्याला आपण दलित आत्मकथन म्हणतो. मराठीत शाळेच्या सुरक्षिततेविषयीचा सर्वांत विस्तृत अहवाल कुठे असेल तर तो या आत्मकथनांत आहे. तो कोणत्याही शासकीय समितीने मागवला नव्हता, म्हणून तो समितीपुढे आला नाही. आणि मराठी समीक्षेने तो अहवाल म्हणून वाचला नाही, म्हणून तो समाजापुढेही आला नाही. हे मला या लेखात मांडायचे आहे. मी जालना जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. तेव्हा जे म्हणायचे ते याच जिल्ह्याच्या मातीवर तपासून म्हणेन.

२

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शाळेतल्या धोक्याची चर्चा आपल्याकडे नवी नाही. ती शाळेइतकीच जुनी आहे. फक्त त्या चर्चेत धोक्यात कोण आहे, हे आधीच ठरलेले होते.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. मुलगा अज्ञान म्हणून न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. मग प्रश्न आला की मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या, जेवलेल्या या पोराला पुन्हा जातीत घ्यावयाचे की नाही. बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभा राहिला. शास्त्रार्थ झाले, वाद झाले, बहिष्काराच्या धमक्या झाल्या. एका कोवळ्या मुलासाठी सगळे शहर ढवळून निघाले. जांभेकरांचे धैर्य मी कमी लेखत नाही. पण या प्रकरणात 'धोका' या शब्दाचा अर्थ काय होता ते पाहा. मिशनऱ्यांच्या सहवासाने मुलाची जात जाते, हा तो धोका.

पुढे तेरा वर्षांनी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो दिला नाही. एका मुलासाठी बाकीच्या सर्वांची शाळा उठवणे सरकारला परवडणारे नव्हते. इथेही सुरक्षिततेचाच विचार झाला होता, वर्गात बसलेल्या स्पृश्य मुलांच्या सुरक्षिततेचा. आणि धोका कोण, तर दाराशी उभा असलेला तो मुलगा. ज्याला शिकायचे होते तोच शाळेचा धोका ठरला. या दोन प्रकरणांच्या मध्ये, १८५५ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मातंग मुलगी मुक्ता साळवे हिने 'ज्ञानोदया'त महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. शाळकरी मुलीचा निबंध म्हणून तो आज कौतुकाने सांगितला जातो. त्यात तिने केलेली धर्माची उलटतपासणी मात्र कौतुक करणाऱ्यांना सोसत नाही.

मग हाच नारायण शेषाद्री जालन्याला आला. १८६० नंतरच्या काळात स्कॉटिश मिशनचा पाद्री म्हणून त्याने निजामाच्या मुलखात, जालन्याच्या परिसरात काम केले आणि गावाजवळ बेथेल ही वसाहत वसवली. तिथे येऊन राहिलेल्यांत मातंग कुटुंबांचा भरणा मोठा होता. म्हणजे ज्याच्या भावासाठी मुंबईत शास्त्रार्थ झाले, तोच माणूस जालन्याच्या मांगवाड्यातल्या मुलांना अक्षर शिकवू लागला. आणि इथे शास्त्रार्थ झाला नाही. या मुलांची जात जाते म्हणून कोणी विद्वान अस्वस्थ झाला, त्यांना परत आणावे म्हणून कोणी न्यायालयात गेला, असे घडले नाही. परत आणायला त्यांची कुठे जागाच नव्हती. मिशनच्या धर्मप्रसाराविषयी ज्याला जे म्हणायचे ते त्याने म्हणावे. बाबासाहेबांनी आपल्याला वेगळी वाट दाखवली आहे. पण जालना जिल्ह्याच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना बेथेल गाळून पुढे जाता येणार नाही.

याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातले जांब, हे रामदासांचे जन्मगाव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे वळवावे, ओळ कशी राखावी, लेखणी आणि शाई कशी असावी, हे त्यात बारकाईने सांगितले आहे. मराठी शाळांतून सुंदर अक्षराचा पाठ म्हणून तो अजून सांगितला जातो. तो समास ब्राह्मणाला उद्देशून आहे, हे मात्र सांगितले जात नाही. जांब आणि बेथेल ही एकाच जिल्ह्यातली दोन गावे. एकाचा वारसा पाठ्यपुस्तकात आला. दुसऱ्याचे नाव जालन्यातल्या विद्यार्थ्यालाही ठाऊक नसते. अक्षर कोणासाठी, हा प्रश्न या जिल्ह्याला असा दोन्ही बाजूंनी चिकटलेला आहे.

३

आता साक्षीकडे वळू. पहिली साक्ष बाबासाहेबांची. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आठवणींत त्यांनी साताऱ्याच्या शाळेविषयी लिहिले आहे. वर्गात बसायला स्वतःचे गोणपाट; ते शाळेचा नोकर शिवत नाही म्हणून संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई नाही तर पाणी नाही. हे लिहिताना बाबासाहेब आक्रोश करीत नाहीत. ते नियम सांगतात, जसा एखादा वकील व्यवस्थेचा आराखडा मांडतो. त्या वर्गात त्यांना कोणी मारले नसेल, शिवी दिली नसेल. तरीही ते मूल दिवसभर तहानलेले राहते. आजच्या कोणत्या तक्रारपेटीत ही तक्रार टाकायची?

दुसरी साक्ष शरणकुमार लिंबाळे यांची. 'अक्करमाशी' (१९८४) उघडते तीच मुळी शाळेच्या सहलीने. सवर्ण मुलांचा डबा एका झाडाखाली, महारांच्या पोरांची भाकरी दुसऱ्या झाडाखाली. मग उरलेसुरले उष्टे अन्न या पोरांना मिळते आणि ती त्याच्यावर तुटून पडतात. घरी आल्यावर आई विचारते, त्यातले थोडे माझ्यासाठी का राखले नाहीस? आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गाला सांगतात, सहलीवर निबंध लिहा.

या प्रसंगातल्या भुकेविषयी आपल्या समीक्षकांनी पुष्कळ लिहिले. मला वाटते, प्रसंगाचा गाभा त्या निबंधात आहे. ज्या शाळेने मुलांना दोन झाडांखाली बसवले तीच शाळा आता मुलाला म्हणते, जे पाहिलेस ते लिही. पण 'आमची सहल' या निबंधाचा साचा आधीच ठरलेला आहे. त्यात सकाळचा उत्साह आहे, निसर्ग आहे, सहभोजन आहे. त्या साच्यात दुसरे झाड बसत नाही. मुलगा लिहू शकत नाही. त्याला शब्द येत नाहीत असे नाही. शाळेने दिलेल्या भाषेत ही गोष्ट सांगायची सोयच नाही. 'अक्करमाशी' हे पुस्तक म्हणजे त्या न लिहिलेल्या निबंधाची उत्तरपत्रिका आहे. ती द्यायला त्या मुलाला मोठे व्हावे लागले आणि साहित्यात एक नवी भाषा आणावी लागली. दलित साहित्याच्या भाषेला ओबडधोबड म्हणणाऱ्यांनी या निबंधाचा विचार करावा.

तिसरी साक्ष ऊर्मिला पवार यांची. 'आयदान' (२००३) मध्ये गुरुजी तिला शाळेतले शेण काढायला सांगतात. ती नकार देते आणि मार खाते. मग तिची आई, जी घरात बसून आयदाने विणते आणि पोटाला चिमटा काढून पोरीला शिकवते, ती त्या गुरुजींना भर रस्त्यात जाब विचारते. लेखिकेला पुढे तसा त्रास झाला नाही. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. कायदा, समिती, अधिकारी यांपैकी कोणीही नसताना एका निरक्षर विधवेने आपल्या मुलीची सुरक्षितता मिळवली. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले, ते या बाईने फार आधी एकटीने करून दाखवले होते. पण त्या समितीत आज अशी बाई बसते का? बसली तर बोलते का? बोलली तर इतिवृत्तात येते का? गावातली समिती कशी नेमली जाते आणि सह्या कशा घेतल्या जातात हे ज्याने पाहिले आहे त्याला उत्तर सांगावे लागणार नाही.

अशा साक्षी कितीतरी काढता येतील. प्रस्थापित समीक्षेने त्यांचे काय केले? तिने त्यांना 'जिद्दीची कहाणी' म्हटले. 'परिस्थितीवर मात' म्हटले. गोणपाटावर बसलेला मुलगा पुढे मोठा झाला, यात तिला शिक्षणाचा विजय दिसला. हा वाचनाचा प्रकार वरवर सहानुभूतीचा, आतून सोयीचा आहे. मुलगा जिंकला असे म्हटले की शाळेला जाब विचारावा लागत नाही. उलट शाळेनेच त्याला घडवले असा हिशेब करता येतो. ही पुस्तके एकेका माणसाचा गौरव म्हणून वाचली गेली, संस्थेवरचे आरोपपत्र म्हणून वाचली गेली नाहीत. अभ्यासक्रमात नेमल्यावर तर प्रश्नपत्रिकेत 'लेखकाच्या संघर्षाचे चित्रण करा' एवढेच उरते. माझ्या वर्गात मी 'अक्करमाशी'चा हा भाग शिकवतो तेव्हा विचारतो, तुमच्या शाळेत पाण्याचे काय होते? वर्ग गप्प असतो. तास संपल्यावर व्हरांड्यात एखादा विद्यार्थी हळूच येऊन सांगतो. भर वर्गात अजून सांगता येत नाही, हीच माझ्या मते सर्वांत मोठी नोंद आहे.

४

इथवर मी प्रस्थापितांना दोष दिला. आता थोडे आपल्याकडेही पाहू.

आत्मकथन हा, कटू वाटले तरी म्हटले पाहिजे, पास झालेल्यांचा वाङ्मयप्रकार आहे. जो शाळेतून निभावून बाहेर पडला त्याने लिहिले. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), शंकरराव खरातांचे 'तराळ अंतराळ' (१९८१), शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६). या सर्वांच्या पुढे शाळेची, महाविद्यालयाची, नोकरीची वाट आहे. सोनकांबळे यांचा अनाथ मुलगा मराठवाड्यातल्या खेड्यांतून मिलिंदपर्यंत पोचतो. पण त्याच्या शेजारी बसलेला, जो तिसरीत सुटला, त्याचे काय झाले? पुस्तकात तो एखाद्या वाक्यात येतो आणि जातो. अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असे सांगतात. त्यांनी कथा-कादंबऱ्यांचे डोंगर उभे केले, पण ते अण्णा भाऊ होते. बेबीताई कांबळे यांनी दुकान चालवता चालवता चोरून 'जिणं आमुचं' लिहिले आणि स्वतःपेक्षा साऱ्या वस्तीला बोलते केले. असे अपवाद सोडले तर गळालेल्या मुलाचे साहित्य आपल्याकडे नाही.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. 'जालना, सोने का पालना' अशी जुनी म्हण आहे. शहरात पोलादाचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या मोठ्या कंपन्या आहेत. पण २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत हा जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा दहाएक टक्क्यांनी मागे होता. आणि दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून टोळ्या निघतात. अंबड तालुक्यातच साखर कारखाना आहे. तरी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. बंजारा, वंजारी, बौद्ध, मातंग, भिल्ल अशा सगळ्या समाजांतली ही माणसे आहेत. पाचटाच्या कोपीत त्यांचा संसार असतो. बरोबर गेलेली पोरगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, पहाटे चुलीला लागते. शाळेची दुसरी सहामाही तिच्या आयुष्यातून दरवर्षी कापून घेतली जाते, उसाच्या वाढ्यासारखी.

'उपरा' (१९८०) मध्ये लक्ष्मण माने यांनी हेच लिहिले आहे. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या कैकाड्याच्या पोराला शाळा सापडते आणि पुन्हा सुटते. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) वस्तीवर रोगराई येते तेव्हा पोर शाळेत जाऊ लागले म्हणून हे घडले असे वस्तीच म्हणते. शाळेने ज्यांना कधी आपले म्हटले नाही त्यांना शाळाच अरिष्ट वाटावे, यात नवल कसले! या दोन्ही पुस्तकांत शाळेतल्या धोक्याइतकाच शाळा सुटण्याचा धोका मोठा आहे. आणि सुरक्षिततेच्या आजच्या विचारात त्याला स्थान नाही. ऊसतोडीला गेलेली मुलगी शाळेच्या कॅमेऱ्यासमोर नसते. ती फडावर असते. तिथे रात्री दिवा नसतो, आडोसा नसतो, दार तर नसतेच. तिच्या आईबापाने कमी वयात तिचे लग्न का लावून दिले असे आपण विचारतो. उघड्यावरच्या कोपीत तरुण मुलगी ठेवायची कशी, हा त्यांचा उलट प्रश्न असतो. हा शाळेच्या सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. गावातली शाळा तिच्यासाठी राहण्याची जागा झाली असती तर तो उद्भवला नसता.

शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहे. आईबाप फडावर गेले तरी मूल गावात राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आली आणि जालना जिल्ह्याचा तिच्यात समावेश झाला. कागद असा भरलेला आहे. पण हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वसतिगृहाची मंजुरी, अनुदान, भांडीकुंडी यांना आपला वेगळा हंगाम असतो. बैलगाडी तोवर थांबत नाही. दुसरीकडे २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला. तांड्यावरच्या, वस्तीवरच्या शाळेचा पट कमी का, याचे उत्तर फडावर आहे. ते न शोधता पट कमी म्हणून शाळा हलवायची, म्हणजे आधी मुलाला गाळायचे आणि मग त्याच्या गैरहजेरीबद्दल त्याच्या शाळेला शिक्षा द्यायची.

५

जे मूल या सगळ्यातून निभावते ते महाविद्यालयात येते. तिथे त्याला संरक्षण मिळते का?

मराठवाड्यात या प्रश्नाला एक तेजस्वी उत्तर मिळाले होते. निजामाच्या राजवटीत शिक्षणाला पारख्या राहिलेल्या या प्रदेशात, १९४८ च्या मुक्तीनंतर दोनच वर्षांत, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. खेड्यांतून, जालन्याच्या बाजूनेही, गोधडी आणि पत्र्याची पेटी घेऊन मुले नागसेनवनात आली. तिथे प्रथमच असे झाले की वर्गात कुठे बसायचे हा प्रश्न उरला नाही. दलित साहित्याची एक मोठी पिढी तिथे घडली ती काही योगायोगाने नव्हे. निर्भय बसायला मिळाल्याशिवाय लिहिता येत नाही. सुरक्षिततेची माझी व्याख्या विचाराल तर ती हीच.

त्याच शहरातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. विद्यापीठाच्या पाटीवरच्या एका नावासाठी माणसे जाळली गेली, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे समजायला सोपे जाते. कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट' (१९८१) मध्ये आपल्या संस्कृतची कथा सांगितली आहे. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या या दलित स्त्रीला नोकरीसाठी दारोदार फिरावे लागले. नोकरी मिळाली ती लग्नानंतर, नवऱ्याचे सवर्ण आडनाव लागल्यावर. त्याचे श्रेय पावडे या आडनावाला, सोमकुवर या माहेरच्या आडनावाला नव्हे, हे त्या निर्भीडपणे नोंदवतात. हजेरीपटावरच्या नावाचा धोका प्राध्यापकपदापर्यंत पाठलाग करतो, याची ही साक्ष आहे.

मिलिंदचेच विद्यार्थी असलेले सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्स या वैद्यकीय संस्थेतला जातिभेद नोंदवून दिला. त्यानंतर १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. १२ फेब्रुवारी २०२३ ला पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. रोहित आणि पायल यांच्या मातांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे नियम होतेच. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने समतेविषयीचे नवे नियम काढले, आणि देशभर असा गिल्ला झाला की यांनी सवर्ण विद्यार्थी असुरक्षित होतील. त्याच महिन्यात न्यायालयाने त्या नियमांना स्थगिती दिली. नियमांच्या शब्दरचनेत दोष असतील, न्यायालय ते पाहील. मला या गिल्ल्यात १८५६ चे धारवाड ऐकू येते. दाराशी उभा राहिलेला मुलगा पुन्हा एकदा शाळेचा धोका ठरला आहे. आणि दोन्ही काळांत त्या मुलाच्या बाजूने उभी राहिली ती त्याची आई. 'आयदान'मधली असो की न्यायालयातली.

६

तेव्हा म्हणायचे ते असे. शाळा सुरक्षित आहे की नाही हे ठरवताना कोणाला साक्षीला बोलवायचे, हा मूळ प्रश्न आहे. जालना जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेची तपासणी करायला अधिकारी येतो, तेव्हा तो कॅमेरे मोजतो. त्याने आणखी चार गोष्टी पाहाव्यात. वर्गात कोण कोणाजवळ बसते. खिचडीची पंगत कशी बसते आणि खिचडी कोणाच्या हातची चालते. झाडलोट, संडास, पाणी ही कामे कोणत्या मुलांना सांगितली जातात. आणि दिवाळीनंतर हजेरीपटावर कोणाच्या नावापुढे रेघ ओढली जाते. हे पाहायला पैसा लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. शिक्षण हक्क कायद्यात दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलाशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर आहेच. लागते ती फक्त पाहण्याची इच्छा.

शिक्षक-प्रशिक्षणात 'अक्करमाशी', 'आयदान', 'उपरा' ही पुस्तके लावावीत, साहित्य म्हणून तर लावावीतच, पण अध्यापनशास्त्राची पुस्तके म्हणूनही लावावीत. मुलाला निबंध लिहायला सांगण्यापूर्वी आपण त्याला कोणत्या झाडाखाली बसवले होते, हे भावी गुरुजीला कळले पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शिक्षक कोण असावा हा प्रश्न काढला होता. तो अजून निकाली निघालेला नाही.

आणि समीक्षकांना, ज्यांत मी स्वतःला धरतो, माझे सांगणे असे आहे की आता विजयाच्या कथा वाचणे पुरे झाले. आपल्या लेखकांनी शाळेविषयी जे लिहिले त्यातून संस्थेचे चित्र उभे करणे हे आपले काम आहे. जे लिहिले गेले नाही त्याचा शोध घेणे हेही आपलेच. मंठ्याच्या तांड्यावरून फडाला गेलेली, दुसरी सहामाही कधीच न पाहिलेली मुलगी स्वतः पुस्तक लिहील याची वाट पाहत बसलो तर तिची नातवंडेसुद्धा कोयता घेऊन जातील. तिच्याजवळ बसून तिचे सांगणे ऐकून घेतले पाहिजे, तिच्या शब्दांत, निबंधाच्या साच्यात न बसवता. ते उतरवून घेतले तर तेही दलित साहित्यच होईल. बेबीताईंनी सबंध वस्तीचे जिणे असेच शब्दांत आणले.

हे काम सरकारचे नाही. ते आपले आहे, आणि येत्या दसऱ्याच्या आत सुरू करता येण्यासारखे आहे.